वाईट दिसतं

भिंगरीची आणि माझी ओळख झाली तेव्हा ती पावणेसहा वर्षांची होती आणि मी बेचाळीसचा. तिच्या आईशी माझं लग्न ठरत होतं, म्हणून आम्ही तिघं एका बागेतल्या बाकावर बसलो होतो. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. भिंगरीने माझ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सरकवली, स्वतःचा हात माझ्या हाताला चिकटवून ठेवला, दोन्हींकडे नीट निरखून पाहिलं आणि निकाल दिला.

"तू कच्चा राहिलायस."

"म्हणजे काय?"

"बिस्किट लवकर बाहेर काढलं की पांढरं राहतं ना, तसा. आई मधली. मी आणि बाबा एकदम नीट भाजलेले."

तिची आई ओशाळली. मी मात्र पोट धरून हसलो. मी गोरा आहे, चांगलाच गोरा. माझ्या आईने माझ्या रंगाचं इतकं कौतुक केलं, की पोराला शाळेत फारसं काही येत नाही हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या रंगाला कच्चा म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. मला वाटलं, हिचं माझं जमेल.

आणि जमलंही. मी कवळ्या करतो. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात दात अशी कवळी बसवून देतो. भिंगरीची आई अशाच एका दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायच्या कामावर होती. कवळ्यांचे खोके पोचते करता करता आमचं सूत जुळलं. लग्नानंतर मी माझं सामान त्यांच्या घरी आणलं आणि मागच्या खोलीत कामाचं टेबल मांडलं. शाळेतून आली की भिंगरी त्या खोलीत उंच स्टुलावर येऊन बसायची. मी उरलेलं मेण तिला द्यायचो. तिने तिच्या कापडी सशाला मेणाचे बत्तीस दात केले. सशाचं तोंड नंतर मिटेचना. मला दातकाका हे नाव तिनेच दिलं, आणि दातकाकाला ती पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच करत आली.

भिंगरी हे नाव मात्र तिच्या बाबाने ठेवलेलं. तेही त्याचंच.

हा बाबा क्रेन चालवायचा. उंच इमारतींच्या कामावर, आभाळात टांगलेल्या काचेच्या खोक्यात बसून. माणूस तसाच उंच, काळाभोर, खांदे दाराएवढे. त्याचं आणि हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पटलं नाही, दोघं वेगळे झाले, त्यात कुणी कुणाचा खून केला नव्हता. दर रविवारी दहाला तो भिंगरीला न्यायला यायचा. घरात कधी पाऊल टाकायचा नाही. दाराबाहेरच उभा राहायचा. बेल वाजली की ही पोरगी हातातलं असेल ते टाकून धावायची, अगदी माझ्या मांडीवर बसलेली असली तरी. मग त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. तो आपला हात पुढे करायचा, ती आपला हात त्याच्यावर ठेवायची.

"सेम?" तो विचारायचा.

"सेम!" ती ओरडायची. अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं.

पहिले चार-सहा रविवार मी हे कौतुकाने पाहिलं. नंतर मी बेल वाजायच्या आधीच मागच्या खोलीत जाऊन पॉलिशचं चाक सुरू करायला लागलो. चाकाच्या घरघरीत बाकी काही ऐकू येत नाही. पण तो शब्द मला ऐकू यायचाच. तो जिन्यात नसून माझ्या कानातच बसलेला असावा.

बायकाबायकांच्या अशा जळण्याला भाषेत नाव आहे, सवतीमत्सर म्हणतात. पुरुषाला होतं त्याला नावसुद्धा नाही. मला तर माझ्या बायकोवरून काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं ते त्या पोरीवरून. ताप मी उतरवायचा, डबा मी भरायचा, बुटाचे बंद मी बांधायचे, तिला न येणारं अक्षर मी मेणाचं करून शिकवायचं, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाने नुसता हात पुढे केला की बाजी मारायची. तीही स्वतः काही न करता. कातडीच ती! रात्री आंघोळीनंतर आरशात माझी पिठासारखी छाती दिसली की मला ती एखाद्या परक्या माणसाची वाटायची. ज्या रंगावर आईने मला आयुष्यभर मिरवलं, तो मी कुणी अदलाबदल करणारा भेटता तर उभ्या उभ्या देऊन टाकला असता.

भिंगरीच्या हे गावीही नव्हतं. ती रंगांबद्दल बोलायची ते इतर पोरं पावसापाण्याबद्दल बोलावीत तसं. एकदा कामाच्या टेबलावर गुलाबी हिरडीचा नमुना पाहून ती म्हणाली, "दातकाका, तू सगळ्यांना गुलाबी हिरड्या का करतोस?"

"हिरड्या गुलाबीच असतात."

तिने माझा लहान आरसा उचलला, खालचा ओठ ओढून धरला आणि मला दाखवला. आतून तपकिरी. "माझ्या नाहीत. बाबाच्या तर अजून डार्क आहेत. बाबाचे दात पडले तर तू त्याला गुलाबी बसवशील?"

"मी मागवतो त्या डब्यात हाच रंग येतो गं."

"मग डबाच चुकला," ती म्हणाली आणि सशाच्या दातांकडे वळली.

वीस वर्षं मी हे काम करत होतो. कुणी काळ्यासावळ्या आजोबाने, आजीने हसून पाहिलं असेल नव्या कवळीत आणि तोंडात दुसऱ्याचीच हिरडी आली म्हणून गप्प बसलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एरवी मी तिची पाठ थोपटली असती. पण तिने उदाहरण बाबाचं दिलं होतं. मी नुसतं "हं" म्हटलं.

मग शाळेचा तो दिवस. हिला दवाखान्यात उशीर होणार होता म्हणून भिंगरीला आणायला मी गेलो. फाटकाशी पाच-सात पोरांनी मला गराडाच घातला.

"तुम्ही कोण?" एका दात पडलेल्या मुलीने विचारलं.

"हा माझा दातकाका," भिंगरी म्हणाली.

"आता हिचे बाबा हेच आहेत," दुसरी म्हणाली, "माझी आई सांगत होती."

"छे!" एक चष्मेवाला मुलगा ठासून म्हणाला, "हिचे बाबा काळे आहेत. मी पाहिलेत. हे तर दुधासारखे आहेत."

"काळे नाहीत, तपकिरी," भिंगरीने दुरुस्ती केली. "काळी तुझी बॅग आहे."

"माझे आजोबा काळे, मी गोरा, ताई मधली," मुलगा म्हणाला. "आमच्यात मिक्स आहे."

सगळी पोरं आपापल्या बाह्या वर करायला लागली. कोण कुणाच्या रंगाचं, कोण कुणाच्या आईवर गेलंय, कुणाच्या गुडघ्याचा रंग वेगळा आणि का. भाजी निवडावी इतक्या शांतपणे चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्या बाई धावत आल्या. "शूऽ! असं रंगाबिंगाबद्दल बोलायचं नाही. वाईट दिसतं." आणि मला म्हणाल्या, "माफ करा हं, लहान आहेत."

पोरांनी बाह्या खाली केल्या. भिंगरीने बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "का वाईट दिसतं?"

बाई दुसऱ्याच मुलाचं दप्तर नीट करायला लागल्या. घरी येताना तिने मलाही विचारलं. त्या वेळी मी खरं सांगू शकलो असतो, की तुम्ही काही वाईट बोलत नव्हता, बाई गोंधळल्या. मी म्हटलं, "घरी जाऊन बोलू." आणि घरी बोललो नाही. पण बाईंचं वाक्य मी खिशात टाकून घरी आणलं होतं.

ते मी बाहेर काढलं त्याच्या पुढच्या आठवड्यात. रविवारी संध्याकाळी भिंगरी परत आली ती उड्या मारतच. ही बाहेर गेली होती, घरात आम्ही दोघंच. "दातकाका, बसमध्ये एक बाई म्हणाली, ही तर बापाची सावलीच. मग आम्ही तिला हात दाखवले. सेम! बाबा म्हणाला, आपण दोघं एका डब्यातले. तू कुठल्या डब्यातला रे?"

तिने सहज विचारलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र मी अगदी मऊ ठेवला. आजही मला जास्त लाज वाटते ती त्या मऊ आवाजाची.

"भिंगरी, तुला बाईंनी काय सांगितलं होतं? रंगाबद्दल असं चारचौघांत बोलायचं नसतं. हात दाखवत फिरायचं नसतं. वाईट दिसतं."

"बाबाचा पण?"

"बाबाचा तर नकोच."

ती मग "बरं" म्हणाली आणि हात धुवायला गेली. आयुष्यात इतक्या पटकन तिने माझं काहीच ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी चाक लावलं नाही. दार किलकिलं ठेवून ऐकत बसलो. बेल वाजली, ती धावली, त्याने हात पुढे केला असणार, कारण तो म्हणाला, "सेम?"

उत्तर आलं नाही.

"काय झालं गं?"

"असं करायचं नसतं," तिचा बारीक आवाज आला. "वाईट दिसतं."

मी फटीतून पाहिलं. ऊन रणरणत होतं आणि तिने लांब बाह्यांचा सदरा घातला होता. बाह्या बोटांपर्यंत ओढल्या होत्या. क्रेनवाल्याचा हात अजून हवेतच होता. त्याने तो हळूच मागे घेतला आणि विजारीला पुसला, जसं काही त्याला काहीतरी लागलं होतं. मग ते दोघं जिना उतरून गेले.

मी जिंकलो होतो. मला वाटलं होतं, आनंद होईल. मी टेबलाशी जाऊन बसलो, समोर कुणाची तरी खालची कवळी होती, आणि त्या दिवशी मी तिचे दात तीनदा चुकीचे बसवले.

मला कबूल करायला हवं, की एवढं होऊनही मी गप्पच राहिलो. आपोआप विसरेल, म्हटलं. पोरं विसरतात.

पंधरा दिवसांनी ही भिंगरीला शाळेचे बूट घ्यायला घेऊन गेली. परत आली ती सरळ मागच्या खोलीत, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"दुकानदाराने विचारलं, कुठल्या रंगाचे दाखवू. ही काय म्हणाली ठाऊक आहे? 'त्या रंगाचे.' कुठल्या? तर त्याच्या कानात सांगते, 'वाईट दिसणाऱ्या.' मला आधी हसूच आलं. मग मी विचारलं, कोणता गं तो? तर बाही वर करून आपला हात दाखवला. पटकन, आणि लगेच झाकला. चोरून आणलेली वस्तू दाखवावी तसा."

मी हातातलं मेण खाली ठेवलं.

"मी तिला विचारलं, कुणी सांगितलं. तिने तुझं नाव घेतलं. तू सांगितलंस?"

"शाळेतल्या बाईपण म्हणाल्या होत्या..."

"बाईंचं बाईंपाशी बघते मी. तू काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. सांगताना ते फार लहान वाटत होतं, दोन-तीन वाक्यांचं.

"तुला त्याचा हेवा वाटतो," ती म्हणाली.

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी तुला हसले असते, चिडवलं असतं, दोन दिवसांनी गेलं असतं ते. तू ते पोरीच्या अंगावर काढलंस. तेही शहाणपणाच्या नावाखाली." आवाज न चढवता ती म्हणाली, "मला सॉरी म्हणू नकोस. तिला सांग. आणि त्यालाही सांग. आधी त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो जिथे काम करायचा तिथे गेलो. अर्धवट उभी राहिलेली इमारत, पत्र्याचं कुंपण, फाटकाशी पहारेकरी. जेवणाची सुट्टी झाल्यावर क्रेनवाला खाली उतरला. मला पाहून तो जागच्या जागी थबकला.

"भिंगरीला काय झालं?"

"काही नाही. ती बरी आहे. मला तुमच्याशी बोलायचं होतं."

विटांच्या ढिगावर त्याने डबा ठेवला, पण उघडला नाही. मी उभ्यानेच बोललो. शाळा, बस, मी काय म्हटलं, का म्हटलं. 'हेवा' हा शब्दही मी त्याच्यासमोर उच्चारला.

त्याने मान सिमेंटच्या पोत्यांकडे वळवली. "मला वाटलं शाळेतल्या कुठल्या पोराने चिडवलं," तो म्हणाला. "दोन आठवडे मी वर बसून त्या पोराशी भांडतोय. मला लहानपणी फार ऐकावं लागलंय. कोळसा, बुटाचं पॉलिश, काय काय. म्हणून ती एवढीशी असल्यापासून मी तिला ते हाताचं शिकवलं. तिला कुणी काही म्हणायच्या आधी तिला तो रंग आवडून गेलेला असावा म्हणून. त्याला पाच वर्षं लागली. तुला एक वाक्य लागलं."

मी 'तुम्ही' म्हणत होतो, तो सरळ 'तू'वर आला होता. मला ते बरोबर वाटलं.

"माझं चुकलं. मी..."

"तुला माफबिफ करायला मी इथे बसलेलो नाही," तो म्हणाला. "माझी सुट्टी अर्ध्या तासाची आहे." त्याने डबा उघडला, परत बंद केला. "आणि ऐक. हेव्याचं मला सांगू नकोस. रविवारी ती दिवसभर माझ्याकडे असते. बोलते कुणाबद्दल? दातकाकाने मेणाचा घोडा केला, दातकाकाने हे केलं, दातकाका ते म्हणाला. मला वाटतं तुझ्या त्या सगळ्या कवळ्या उचलून वरून खाली फेकाव्यात. पण मी तिच्यापाशी तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोललोय का कधी? विचार तिला."

विचारायची गरज नव्हती. मी मान खाली घातली.

"तिला तूच सांग," तो म्हणाला. "मी समोर नसताना. मला ते बघायचं नाही."

संध्याकाळी भिंगरी स्टुलावर बसली होती. अजून लांब बाह्याच. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"भिंगरी, मी तुला खोटं सांगितलं होतं. रंगाबद्दल बोललं तर वाईट दिसत नाही. बाबाच्या रंगाबद्दल तर मुळीच नाही. तू शाळेत जे बोलत होतीस त्यात काहीच चूक नव्हतं. चिडवायचं नाही एवढंच, आणि तू चिडवत नव्हतीस."

"मग बाई पण खोटं बोलल्या?"

"बाई घाबरल्या. मोठी माणसं या गोष्टीला घाबरतात. मी घाबरलो नव्हतो. मी मुद्दाम बोललो."

"का?"

"मला तुझ्या बाबाचा हेवा वाटत होता."

"हेवा म्हणजे?"

मी विचार केला. "दुसऱ्याकडे असतं ते आपल्याला हवं असतं. आणि मिळत नाही म्हटल्यावर त्याच्याकडेही नको असं वाटतं."

"तुला बाबासारखं व्हायचं होतं?"

"तुझ्यासारखं व्हायचं होतं."

"पण ते तर होतच नाही," ती म्हणाली. तिला माझी कीव आल्यासारखी वाटली. मग ती पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "मला पण येतो हेवा. वर्गात सगळ्यांचे दात पडले, माझा एक पण नाही. मी एकीला सांगितलं की तुझा नवीन वाकडा येणारे. ती रडली."

"मग?"

"मग काही नाही. तिचा सरळच आला."

मी सॉरी म्हटलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ काय घ्यावा ते मला कळलं नाही.

कारण गोष्टी लगेच सुरळीत झाल्या नाहीत. हिने शाळेत जाऊन बाईंशी बोलून घेतलं, काय ते मला सांगितलं नाही, पण बाई नंतर मला पाहून रस्ता बदलायच्या. त्या रविवारी क्रेनवाल्याने दारात हात पुढे केला. भिंगरीने आधी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. त्याने ते पाहिलं, मीही पाहिलं. त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी मान हलवली. तिने हात ठेवला, पण 'सेम' असं कुजबुजली. पुढच्या रविवारीही कुजबुजलीच. ती जिना दणाणून ओरडली त्याला अडीच महिने लागले, आणि त्या दिवशी मी खोलीत चाक बंद करून बसलो होतो. ऐकू आलं, दुखलंही. पण मी उठून दार लावलं नाही.

त्यानंतर एका रविवारी क्रेनवाला पहिल्यांदा घरात आला. हिने चहा ठेवला होता. तो खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायला, मी समोर. आमच्यात बोलणं झालं ते पाण्याच्या टाकीबद्दल. दोस्ती वगैरे काही झाली नाही, ती होईल असंही मला वाटत नाही.

निघताना तो, भिंगरी आणि मी असे तिघं जिन्यात आलो, मला खाली दुकानात जायचं होतं. पहिल्या मजल्यावर शेजारीण तिचं नवं बाळ घेऊन दारात उभी होती. भिंगरी चवड्यांवर उभी राहून बाळाकडे बघत राहिली.

"हे कुणाच्या रंगाचं होणार?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. "आत्ता तर लाल आहे. तुझ्या रंगाचं झालं तर असं होईल, आणि त्याच्या बाबांसारखं झालं तर माझ्या जवळजवळ. पण कान बघ ना, कान आत्ताच डार्क आहेत."

शेजारीण गोरीमोरी झाली. ती आमच्या दोघांकडे बघायला लागली, पोरीला कुणीतरी आवरेल म्हणून. क्रेनवाला माझ्याकडे बघत होता.

"खरंच की," मी वाकून पाहिलं. "कान डार्क आहेत."

शेजारणीने बाळाचं टोपडं थोडं मागे सारलं आणि स्वतःही नीट पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचे कान आहेत हे."

मग सासऱ्यांचे कान कसे होते, तिच्या माहेरी कोण कोणत्या रंगाचं, हे सगळं भिंगरीने जिन्यातच उभं राहून विचारून घेतलं. तिला उत्तरं मिळत होती. खाली उतरताना तिने हात धरला तो बाबाचा. मला बारीकसं टोचलंच. मी त्यांच्या मागून दोन पायऱ्या अंतर ठेवून उतरत राहिलो आणि फाटकापाशी दुकानाच्या बाजूला वळलो.